नर्सिंगची पदवी: दारं किती, आणि परतीची कोणती?

कोणत्याही तालुक्याच्या गावी दवाखान्यांच्या गल्लीतून एक चक्कर मारा. 'स्टाफ नर्स पाहिजे' अशा दोन-तीन पाट्या तरी दिसतील. त्यातली एखादी उन्हानं विटलेली असते, म्हणजे जागा बरेच दिवस रिकामी आहे. त्याच गावातल्या अभ्यासिकेत डोकावलं तर बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या मुली (आणि हल्ली बरीच मुलंही) सरकारी भरतीची तयारी करत बसलेल्या. इकडे माणूस मिळत नाही, तिकडे माणसाला काम मिळत नाही. हे कसं काय?

उत्तर पगारात आहे. महाराष्ट्र शासनाच्या रुग्णालयातल्या अधिपरिचारिकेचं मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार ३५,४०० रुपयांपासून सुरू होतं. एम्स किंवा रेल्वेसारख्या केंद्रीय संस्थेत ते ४४,९०० आहे, आणि भत्ते निराळे. पंधरा-वीस खाटांच्या खाजगी रुग्णालयात हातात पडणारी रक्कम बऱ्याचदा याच्या निम्म्यावरही पोचत नाही. जानेवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला या प्रश्नावर समिती नेमायला सांगितलं. समितीने हिशेब मांडून दिला: दोनशेहून जास्त खाटा असतील तर पगार सरकारीइतका, शंभराहून जास्त असतील तर फार तर १० टक्के कमी, पन्नास ते शंभर असतील तर फार तर २५ टक्के कमी, आणि अगदी लहान रुग्णालयातही २०,००० रुपयांच्या खाली नको. अंमलबजावणी राज्यांवर सोडली गेली आणि बहुतेक ठिकाणी ती कागदावरच राहिली.

लहान रुग्णालयं मग दोन वर्षांच्या ए.एन.एम.वर किंवा हाताखाली शिकवून तयार केलेल्या मुलींवर भागवतात. चार वर्षं शिकून आलेल्या पदवीधर परिचारिकेला तिथे जास्तीचा भाव नाही. पाटी लावणाऱ्याला त्या दरात येणारी परिचारिका हवी असते, आणि तशी ती येत नाही. म्हणून पाटी वर्षभर लटकते.

या पदवीचं चीज होतं ते दुसरीकडे, आणि अशा जागा लोकांना वाटतात त्यापेक्षा पुष्कळ आहेत. पण कोणती निवडावी हे ठरवण्याआधी या पदवीचं यंत्र कसं चालतं ते समजून घ्यायला हवं. त्याशिवाय केलेली निवड पाच वर्षांनी अंगाशी येते.

पदवी एक, नोंदणी दुसरी

नर्सिंगचे तीन मुख्य अभ्यासक्रम आहेत. ए.एन.एम. दोन वर्षांचा, गावपातळीवरची आरोग्यसेविका त्यातून घडते. जी.एन.एम. तीन वर्षांची पदविका. आणि बी.एस्सी. नर्सिंग ही चार वर्षांची विद्यापीठाची पदवी, आपल्याकडे बहुतेक ठिकाणी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. जी.एन.एम. झालेल्यांना आणखी दोन वर्षं शिकून 'पोस्ट बेसिक' मार्गाने पदवीपर्यंत जाता येतं.

पण नुसती पदवी हातात असून परिचारिका म्हणून काम करता येत नाही. महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नाव नोंदवावं लागतं. ही परिषद १९६६ च्या राज्य कायद्याखाली चालते. शेतकऱ्याच्या घरात हे लगेच कळेल. वडिलांची जमीन आहे हे साऱ्या गावाला ठाऊक असतं, पण सातबाऱ्यावर तुमचं नाव चढलेलं नसेल तर बँक दारातही उभं करत नाही. आणि नाव चढलं तरी जमीन वर्षानुवर्षं पडीक ठेवली तर तिचा कस राहत नाही. नोंदणी म्हणजे सातबारा, आणि रुग्णाजवळ केलेलं काम म्हणजे कसलेली जमीन.

पुढचा प्रत्येक पर्याय याच दोन गोष्टी विचारतो: नोंदणी चालू आहे का, आणि रुग्णाजवळ शेवटचं काम कधी व किती केलं? काही वाटा दोन्ही जपतात. काही वाटा चांगला पगार देतात, पण दुसरी गोष्ट हळूहळू काढून घेतात, आणि ते घडताना लक्षातही येत नाही.

पदवीधर परिचारिका आणि जी.एन.एम. दोघींचीही नोंद 'परिचारिका व सुईण' अशी दुहेरी होते. तिचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावं लागतं आणि त्यासाठी दरम्यानच्या काळात शिक्षण चालू ठेवल्याचे तास दाखवावे लागतात. लग्न होऊन किंवा नोकरीनिमित्त दुसऱ्या राज्यात गेलात तर नोंदणी तिकडे न्यावी लागते. हे काम सहा महिने पुढे ढकललं की दोन वर्षं राहून जातं.

सरकारी रांगेतली दारं

राज्याच्या रुग्णालयांत अधिपरिचारिका, मग परिसेविका, मग अधिसेविका अशी चढण आहे. बोलीत स्टाफ नर्स, इनचार्ज सिस्टर आणि मेट्रन. ही चढण संथ आहे. परिसेविका होईपर्यंत केस पांढरे होतात, असं वॉर्डात थट्टेनं म्हणतात, आणि त्यात अतिशयोक्ती फारशी नाही.

केंद्राच्या संस्थांसाठी २०२० पासून 'नॉरसेट' ही सामाईक परीक्षा आहे. देशभरातल्या एम्समधले नर्सिंग ऑफिसर तिच्यातून निवडले जातात. नागपूरचं एम्सही त्यात आलं. पदवीधराला अनुभवाची अट नाही, पण जी.एन.एम. झालेल्याला किमान पन्नास खाटांच्या रुग्णालयात दोन वर्षं काढलेली असावी लागतात. चार वर्षं शिकण्याचा नगद फायदा तो हा. मुलांनी एक आकडा लक्षात ठेवावा: एम्समध्ये ८० टक्के जागा स्त्रियांसाठी आहेत. उरलेल्या २० टक्क्यांत चुरस भयंकर असते. म्हणून पुष्कळ मुलं रेल्वे आणि कामगार विमा रुग्णालयांच्या भरतीकडेही डोळे लावून असतात.

सैन्यातली परिचर्या सेवा मात्र फक्त स्त्रियांची आहे. तिची सुरुवात १८८८ मध्ये मुंबई बंदरात उतरलेल्या ब्रिटिश परिचारिकांच्या पहिल्या तुकडीपर्यंत जाते. आजही तिच्या दोन मोठ्या शाळा आपल्याकडेच आहेत: पुण्याचं ए.एफ.एम.सी. आणि मुंबईतलं नौदलाचं अश्विनी रुग्णालय. बारावीनंतर नीटच्या गुणांवर तिथे चार वर्षांच्या पदवीला प्रवेश मिळतो आणि शिक्षण संपल्यावर लेफ्टनंट म्हणून नेमणूक होते. पदवी बाहेर घेतलेल्यांसाठी शॉर्ट सर्व्हिस कमिशनची वाट आहे. ती फार कमी जणींना माहीत असते.

आणि गावाकडे? २०१८ पासून उपकेंद्रांचं रूपांतर आरोग्यवर्धिनी केंद्रांत सुरू झालं. आता त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. सपाटीवर साधारण पाच हजार आणि डोंगरी-आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र. तिथला समुदाय आरोग्य अधिकारी तिशी ओलांडलेल्यांचा रक्तदाब आणि साखर तपासतो, तोंडाच्या, स्तनाच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची प्राथमिक चाचणी करतो, ठरावीक औषधं देतो आणि गरज पडली तर व्हिडिओवरून डॉक्टरांशी जोडून देतो. पदवीधर परिचारिकेला डॉक्टरांच्या सहीची वाट न पाहता स्वतः ठरवण्याचं इतकं स्वातंत्र्य दुसऱ्या कुठल्याही नोकरीत मिळत नाही. महाराष्ट्रात या पदांवर आयुर्वेदाचे पदवीधर मोठ्या संख्येने आहेत, त्यामुळे स्पर्धा त्यांच्याशी आहे. नेमणूक कंत्राटी असते. २५,००० रुपये ठरलेले आणि वर कामाच्या मोजमापावर १५,००० पर्यंत. ते मोजमाप आणि त्याचे पैसे वेळेवर येणं ही वेगळीच कहाणी आहे.

वॉर्डात राहून पुढे जाणं

इथे सगळ्यात जास्त पर्याय आहेत आणि चर्चा सगळ्यात कमी.

पहिली पायरी म्हणजे एखाद्या विभागात खोल उतरणं. अतिदक्षता, नवजात शिशू, कर्करोग, शस्त्रक्रियागृह, मानसिक आरोग्य अशा विषयांत एक वर्षाच्या पदविका आहेत. मानसिक आरोग्याकडे सहसा कुणी वळत नाही, पण ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं एकट्या महाराष्ट्रात आहेत आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मानसोपचार परिचारिकेची स्वतंत्र व्याख्या केलेली आहे. दुसरी पायरी एम.एस्सी., दोन वर्षांची. तिसरी नवी आहे, 'नर्स प्रॅक्टिशनर'. अतिदक्षतेतला हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, तर सुईणपणातला अठरा महिन्यांचा. निरोगी गरोदर बाईचं बाळंतपण प्रशिक्षित सुईणीनं स्वतःच्या जबाबदारीवर करावं, असं धोरण केंद्राने २०१८ मध्ये ठरवलं. त्यामागचा हेतू विनाकारण होणारी सिझेरियन कमी करण्याचा आहे.

याच वॉर्डातून दोन अशा नोकऱ्या निघतात ज्यांची जाहिरात क्वचितच दिसते.

एक, संसर्ग नियंत्रण परिचारिका. मोठ्या रुग्णालयाला गुणवत्तेचं 'एन.ए.बी.एच.' प्रमाणपत्र हवं असेल तर ही व्यक्ती नेमावीच लागते. तिचं काम हिशेबनिसासारखं आहे, फक्त हिशेब जंतूंचा असतो. समजा एका महिन्यात अतिदक्षता विभागातल्या रुग्णांना मिळून ५०० दिवस लघवीची नळी होती, म्हणजे वीस रुग्णांना पंचवीस दिवस किंवा पन्नास रुग्णांना दहा दिवस, कसंही. त्यात दोघांना नळीमुळे संसर्ग झाला. दोन भागिले ५००, गुणिले हजार, म्हणजे दर हजार नळी-दिवसांमागे चार. पुढच्या महिन्यात हा आकडा सहा झाला तर काय बदललं ते शोधायचं: हात धुणं ढिलं पडलं, की नळी गरजेपेक्षा जास्त दिवस ठेवली जाते आहे? नुसते 'रुग्ण किती' मोजले तर फसगत होते, कारण ज्या वॉर्डात नळ्या जास्त दिवस राहतात तिथे संसर्ग जास्त दिसणारच. म्हणून भाजक दिवसांचा. गणिताची भीती नसलेल्या आणि वरिष्ठ सर्जनला 'हात धुवा' असं तोंडावर सांगू शकणाऱ्या परिचारिकेसाठी ही जागा आहे. दुसरा गुण दुर्मिळ असतो.

दोन, प्रत्यारोपण समन्वयक. अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यात २०११ मध्ये दुरुस्ती झाली आणि समन्वयक नेमल्याशिवाय रुग्णालयाला प्रत्यारोपणाची परवानगी मिळेनाशी झाली. या पदासाठी परिचारिका पात्र धरली जाते. मेंदूमृत्यूच्या दोन तपासण्या किमान सहा तासांच्या अंतराने होतात. त्या सहा तासांत समन्वयक नातेवाइकांजवळ बसते, त्यांचे प्रश्न ऐकते आणि योग्य वेळी अवयवदानाचं विचारते. होकार मिळाला की आपल्या विभागाच्या प्रत्यारोपण समन्वय केंद्राला कळवायचं, तिथून प्रतीक्षायादीनुसार अवयव वाटले जातात. मग घड्याळ सुरू. हृदय चार ते सहा तासांत दुसऱ्या छातीत बसावं लागतं. मूत्रपिंडाला एक दिवसाचीही सवड चालते. पोलिसांचे कागद, शवविच्छेदन, हिरवा मार्ग, सगळं तिच्या फोनवरून हलतं. रात्री-अपरात्री. ज्यांना आठ तासांची पाळी संपवून घरी जायचं आहे त्यांनी इकडे वळू नये.

चौकट: पहिली दोन वर्षं

पदवीनंतरची किमान दोन वर्षं शंभराहून जास्त खाटांच्या रुग्णालयात, शक्यतो अतिदक्षता, शस्त्रक्रियागृह किंवा प्रसूती विभागात काढावीत. परदेशी भरतीत आणि बहुतेक तज्ज्ञ पदांसाठी हाच अनुभव विचारला जातो. अनुभवाच्या पत्रावर विभागाचं नाव, खाटांची संख्या आणि तारखा लिहून घ्याव्यात. नुसतं 'समाधानकारक काम केले' असं पत्र उपयोगाचं नाही. नोकरीवर रुजू होताना मूळ प्रमाणपत्रं कुणाकडेही ठेवायला देऊ नयेत, दाखवून परत घ्यावीत.

रुग्णालयाबाहेरच्या खुर्च्या

पुण्यात, नवी मुंबईत मेडिकल कोडिंगची कार्यालयं आहेत. काम असं: अमेरिकेतल्या रुग्णालयात डॉक्टर रुग्णाची नोंद लिहितात, पण विमा कंपनी नोंद वाचून पैसे देत नाही, तिला संकेतांक लागतो. प्रत्येक आजाराला एक आणि प्रत्येक उपचाराला दुसरा. हजारो संकेतांकांतून नेमका कोणता, हे ठरवायला शरीररचना आणि आजार कळावे लागतात, आणि परिचारिकेला ते येतातच. खुर्चीवरचं काम, रात्रपाळी बहुधा नाही, कंबरदुखी वेगळ्या प्रकारची.

अशाच आणखी जागा: आरोग्य विम्याचे दावे तपासणं, औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदींची छाननी, औषध-चाचण्यांत रुग्णांची संमती व तपासण्या सांभाळणं, आणि व्हेंटिलेटर किंवा डायलिसिसची यंत्रं विकणाऱ्या कंपन्यांसाठी वॉर्डात जाऊन ती चालवायला शिकवणं. पाचशेहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यात रुग्णवाहिका-कक्ष असावा ही तरतूद १९४८ च्या कारखाना अधिनियमापासून आहे; चाकण, वाळूज, बुटीबोरी इथल्या मोठ्या कारखान्यांत म्हणूनच परिचारिका दिसते.

आता परतीच्या दाराचं. यंत्र शिकवणारी आणि कारखान्यातली परिचारिका रुग्णाच्या जवळपास राहते. औषध-चाचण्यांचं काम अर्धं इकडे, अर्धं तिकडे. कोडिंग आणि दाव्यांचं काम मात्र रुग्णसेवेचा अनुभव म्हणून सहसा कुणी धरत नाही. तीन वर्षं कोडिंग करून 'आता आखातात जाते' असं ठरवलं तर अर्जातले 'अलीकडचा अनुभव' हे दोन शब्द आडवे येतात. कोडिंग वाईट नाही. लहान मूल असलेल्या, पाठ बिघडलेल्या किंवा रात्रपाळीला कंटाळलेल्या परिचारिकेसाठी ते उत्तम आहे. तिकडे जाताना हे दार एकाच बाजूला उघडतं एवढं माहीत हवं.

शिकवण्याची वाट मधली आहे. पदवी आणि एक वर्षाचा अनुभव यावर पाठ्यनिर्देशिका होता येतं, पुढे जायला एम.एस्सी. लागते. २०२३ च्या अर्थसंकल्पात केंद्राने १५७ नवी नर्सिंग महाविद्यालयं जाहीर केली, त्यामुळे शिक्षकांची मागणी आहे. पण महाविद्यालयाला स्वतःचं रुग्णालय खरोखर आहे का, हे नोकरी घेण्याआधी जाऊन पाहावं. मध्य प्रदेशात उच्च न्यायालयाच्या आदेशावरून सी.बी.आय.ला नर्सिंग महाविद्यालयांची तपासणी करावी लागली होती. कागदावरच्या महाविद्यालयातला अनुभव कागदापुरताच राहतो.

परदेश: चार ठिकाणं, चार कुलपं

आखातात कुलूप कागदपत्रांचं. तुमची पदवी, नोंदणी आणि अनुभव मूळ संस्थेकडून थेट पडताळले जातात, वर संगणकावर परीक्षा. पडताळणीत खोटं पत्र सापडलं तर पुढचे दरवाजेही बंद होतात.

ब्रिटनमध्ये इंग्रजीची परीक्षा, मग संगणकावरची चाचणी, आणि तिथे पोचल्यावर प्रात्यक्षिक: खोट्या रुग्णावर खरं काम करून दाखवायचं. इथे एक सावधगिरी. काही दलाल परिचारिकांना 'केअर वर्कर' म्हणून पाठवत होते. ते परिचारिकेचं पद नव्हे. जुलै २०२५ पासून त्या पदावर परदेशातून नवी भरतीच बंद झाली आहे.

जर्मनीचं कुलूप भाषेचं. व्हिसाला साधारण बी-१ आणि परिचारिका म्हणून पूर्ण मान्यतेला बी-२ पातळीची जर्मन लागते. तुमचा अभ्यासक्रम त्यांच्या अभ्यासक्रमाशी ताडून काय कमी आहे ते लेखी कळवतात. ती उणीव परीक्षेने किंवा तिथल्या प्रशिक्षणाने भरून काढेपर्यंत मदतनीस म्हणून काम. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिकाही येतात. आपल्याकडे रुग्णाला आंघोळ घालणं, भरवणं हे नातेवाईक किंवा मावशी करतात. जर्मनीत ते परिचारिकेचंच काम आहे, आणि त्यात कमीपणा कुणी मानत नाही. हे आधी ठाऊक नसलेल्यांना पहिले काही महिने जड जातात.

कुठेही जा, दलालाचं नाव सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर शोधा. नोंदणीकृत दलालाला सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जी.एस.टी. एवढंच घेता येतं.

अमेरिकेचं कुलूप निराळंच. तिथली 'एनक्लेक्स' परीक्षा प्रत्येकीला वेगळी पडते. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड, चुकलं की सोपा, आणि तुमची पातळी पक्की कळली की संगणक परीक्षा थांबवतो. कमीत कमी ८५ प्रश्न, जास्तीत जास्त १५०. ही परीक्षा अनेक भारतीय परिचारिका पास होतात. खरी अडचण त्यापुढे आहे. ग्रीन कार्डाची रांग जन्माच्या देशाप्रमाणे लागते, आणि भारतात जन्मलेल्यांची ही रांग दहा वर्षांहून लांब आहे. त्यामुळे सध्या आखातात किंवा ब्रिटनमध्ये नोकरी करणाऱ्या कितीतरी परिचारिकांची अमेरिकेची फाइल आधीच दाखल झालेली असते. ती ज्या दिवशी दाखल होते, त्या तारखेवर रांगेतला नंबर ठरतो. नंबर येईपर्यंत त्या कमावतात, अनुभव चालू ठेवतात आणि मधूनमधून तारीख किती पुढे सरकली ते पाहतात.